परवाना जाण्याची वेळ येते तेव्हां

जळगांव शहरांत महामार्गावर आकाशवाणी चौक म्हणून एक चौक आहे. तेथून पश्चिमेकडे निघालें म्हणजे बांभोरीजवळ गिरणा नदी ओलांडावी लागते. पुढें पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे हीं गांवें मागें टाकीत मनुष्य धुळ्यास पोंचतो. अंतर सुमारें नव्वद किलोमीटरांचें. कोर्टाची तारीख, आप्तांकडील लग्न, मोठ्या डॉक्टरांची भेट, कापसाचा किंवा बियाण्यांचा सौदा, या ना त्या निमित्तानें खानदेशांतील पुष्कळ घरांचें कोणी ना कोणी या रस्त्यावर नित्य ये-जा करीत असतें. घरची मोटार दारांत आल्यापासून ही ये-जा इतकी सोपी झाली आहे कीं, सकाळचें जेवण जळगांवीं आणि दुपारचा चहा धुळ्यास, यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं.

समजा, अशाच एका सुखवस्तु घरांतील कर्ता पुरुष आहे. वय चाळिशीच्या पुढें, वीस वर्षें मोटार चालविण्याची संवय, आणि आजवर हातून कोणास खरचटलेंही नाहीं. एके दिवशीं त्याच्या मोबाईलवर सरकारी संदेश येतो: अमुक तारखेस, अमुक ठिकाणीं, वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दंड. तो हंसून दंड भरतो. कांहीं महिन्यांनीं दुसरा संदेश येतो, तोही भरतो. त्यानंतर मात्र जें येतें तो संदेश नसून परिवहन कार्यालयाची नोटीस असते. आपला वाहन चालविण्याचा परवाना कांहीं काळ स्थगित कां करण्यांत येऊं नये, याचीं कारणें समक्ष हजर राहून सांगावीं, असा तिचा आशय असतो.

मग घरांत एकच गडबड उडते. मेहुणा सांगतो, त्या कचेरींत आपल्या ओळखीचा एजंट आहे, काळजी करूं नका. दुकानांतील मुनीम म्हणतो, असल्या नोटिसा सगळ्यांनाच येतात, पुढें कांहीं होत नाहीं. थोरला मुलगा परवाना नुकताच काढलेला असल्यामुळें मनांतून खूष असतो, कारण आतां गाडी त्याच्या हातीं यावयाची. माजघरांतून फक्त म्हातारी आई विचारते, “एवढी कसली घाई होती रे तुला?” तिच्या या प्रश्नाकडे कोणी लक्ष देत नाहीं. नोटिशींत मात्र, कायद्याच्या भाषेंत, हाच प्रश्न विचारलेला असतो.

आधीं कायदा काय म्हणतो तें पाहूं. आपल्या देशांत आज १९८८ चा मोटार वाहन कायदा चालतो. त्याच्या कलम १८३ अन्वयें वेगमर्यादा ओलांडणें हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनास एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम व जड वाहनास दोन ते चार हजार रुपये दंड आहे. तोच गुन्हा दुसऱ्यांदां झाल्यास परवाना जप्त करावा, असें त्याच कलमांत आहे. याखेरीज कलम १९ प्रमाणें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास, ज्याच्या हांकण्यापासून लोकांस उपद्रव किंवा धोका संभवतो अशा इसमाचा परवाना ठराविक मुदतीपुरता काढून घेण्याचा किंवा रद्द करण्याचाही अधिकार आहे. आणि अशा धोक्याच्या कृत्यांची जी यादी १९८९ च्या केंद्रीय नियमांत दिली आहे, तींत अतिवेग स्पष्टपणें नमूद आहे. ऑगस्ट २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या रस्ता-सुरक्षा समितीनें सर्व राज्यांस असें फर्माविलें कीं, अतिवेग, तांबडा दिवा ओलांडणें, मद्य पिऊन हांकणें, हांकतांना मोबाईलवर बोलणें, मालगाडींत जादा माल किंवा माणसें भरणें, या गुन्ह्यांसाठीं परवाना निदान तीन महिने तरी स्थगित झालाच पाहिजे. न्यायमूर्ति के. एस. राधाकृष्णन हे त्या समितीचे अध्यक्ष होते. तेव्हां मुनिमाचें म्हणणें बरोबर नाहीं. पुढें कांहीं तरी होतें.

दंड असतांना परवाना काढून घेण्याची ही दुसरी शिक्षा कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. दंडाचा गुण असा कीं, तो भरला म्हणजे विसरतां येतो. सधन मनुष्य तो प्रवासखर्चांत धरतो. पेट्रोल, टोल आणि चलान अशीं तीन कलमें त्याच्या मनांतल्या वहींत एकाखालीं एक लिहिलीं जातात. फिनलंड देशानें यावर असा तोडगा काढला कीं, मोठ्या वेगाचा दंड गुन्हेगाराच्या मिळकतीच्या प्रमाणांत आकारावयाचा; त्यामुळें तेथें एखाद्या धनिकास एका चुकीपायीं आपल्याकडील लाखों रुपयांइतका दंड भरावा लागल्याचीं उदाहरणें आहेत. इतर बहुतेक देशांनीं परवान्याचा मार्ग धरला. तीन महिने म्हणजे श्रीमंतासही तीन महिनेच, आणि ते पैसे टाकून विकत घेतां येत नाहींत.

या शिक्षेच्या मुळाशीं जो विचार आहे तो मोटारीइतकाच जुना आहे. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यंत्रानें चालणाऱ्या गाडीस वस्तींत ताशीं दोन मैल व वस्तीबाहेर चार मैल एवढीच मुभा ठेविली होती, आणि गाडीपुढें तांबडें निशाण घेऊन एक मनुष्य चालवावा लागे. १८९६ च्या जानेवारींत केंट परगण्यांतील पॅडक वुड या गांवांतून वॉल्टर आर्नोल्ड नांवाचे गृहस्थ ताशीं आठ मैलांनीं निघाले. पोलीस शिपायानें सायकलीवरून पाठलाग करून त्यांस गांठलें, आणि वेगाच्या गुन्ह्याबद्दल त्यांस एक शिलिंग दंड झाला. आज ही गोष्ट ऐकून हंसूं येतें खरें. पण त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखालीं सांपडून मेली, आणि ती गाडीही कांहीं वाऱ्यासारखी धांवत नव्हती. पुढें १९०३ च्या कायद्यानें तेथें चालकास परवाना घेणें भाग पडलें. हिंदुस्थानांत १९१४ च्या कायद्यानें हीच व्यवस्था देशभर लागू झाली. ‘परवाना’ या शब्दांतच त्याचा अर्थ आहे. रस्त्यानें पायीं चालण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. हजार किलो वजनाचें लोखंड लोकांच्या अंगावरून न जाऊं देतां, त्यांच्या शेजारून नेण्याची मात्र परवानगी घ्यावी लागते. आणि दिलेली परवानगी परत घेतां येते.

आतां त्या आईच्या प्रश्नाकडे वळूं. घाई कसली होती, आणि तिनें मिळविलें काय? समजा, रस्त्याच्या एका टप्प्यावर फलक ८० चा आहे आणि आपल्या गृहस्थाची गाडी १०० नें चालली आहे. जळगांव ते धुळें हें नव्वद किलोमीटरांचें सबंध अंतर ८० च्या वेगानें तोडल्यास साडेसदुसष्ट मिनिटें लागतील. १०० च्या वेगानें चोपन्न. म्हणजे बचत झाली साडेतेरा मिनिटांची. तीही कागदावरच. प्रत्यक्षांत कोठें गांवाचा फांटा येतो, कोठें ट्रॅक्टर आडवा असतो, कापसाच्या दिवसांत तर मागें दिवा नसलेली भरली गाडी अंधारांत एकदम पुढें उभी राहते. सतत १०० नें जाणें या रस्त्यावर कोणासही साधत नाहीं. आणि जें सहा-सात मिनिटांचें उत्पन्न शेवटीं हातीं राहतें, तें धुळ्यांत शिरल्यावर गाडी उभी करण्यास जागा शोधण्यांत खर्ची पडतें.

उलट बाजूचा हिशेब शाळेंतल्या गणितानें करतां येतो, आणि तो प्रत्येक घरांत एकदां करून पाहण्याजोगा आहे. पुढें कांहीं आडवें आलेलें दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसासही सुमारें एक सेकंद लागतो. ८० च्या वेगानें त्या एका सेकंदांत गाडी २२ मीटर पुढें जाते. १०० च्या वेगानें २८ मीटर. त्यानंतर ब्रेक लागतो. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असले तर पहिल्या गाडीस थांबण्यास आणखी सुमारें ३५ मीटर पुरतात, दुसरीस मात्र ५५ लागतात. कारण वेग सव्वापट झाला तर गाडीच्या अंगचा जोर दीडपटीहून अधिक वाढतो. एकंदरींत पहिली गाडी ५७ मीटरांवर उभी राहते, दुसरी ८३ मीटरांवर.

येथवरचें गणित पुष्कळांस ठाऊक असतें. त्याच्या पुढचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं, तो असा: दोन्ही गाड्या एकाच ठिकाणाहून निघाल्या आणि दोघांनींही एकाच क्षणीं धोका पाहिला, तर ज्या जागीं पहिली गाडी पूर्ण थांबली, त्या जागीं दुसरीचा वेग किती असेल? ऐकणाऱ्याचा अंदाज वीस-पंचवीसच्या आसपास असतो. आंकडेमोड केली तर उत्तर येतें ताशीं अडुसष्ट किलोमीटर. फलकापेक्षां फक्त वीसनें अधिक जाणारा गृहस्थ, जेथें दुसरा कोणाही माणसास स्पर्श न करतां थांबला असता, तेथें ६८ च्या वेगानें आदळतो. मध्यें शाळेंतून घरीं निघालेलें पोर असेल, तर पुढें कांहीं सांगावयास नको. वीस वर्षांत कोणास खरचटलें नाहीं ही त्याची कैफियत खरी असते. पण त्या वीस वर्षांत ५७ आणि ८३ या दोन आंकड्यांच्या मध्यें कोणी आलें नाहीं, एवढाच तिचा अर्थ आहे.

आणि येतात माणसें मध्यें. सरकारनें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसें मेलीं. दिवसास सरासरीनें चारशें साठांहून अधिक. एखाद्या लहानशा खेड्याची वस्ती रोज पुसून टाकावी तसें. या मृत्यूंपैकीं शेंकडा एकाहत्तर मृत्यूंची नोंद अतिवेगाच्या सदराखालीं झालेली आहे. पोलिसांच्या नोंदींत अतिवेग हें सदर जरा सढळ हातानें वापरलें जातें, असें म्हणणारे जाणकार आहेत, आणि त्यांत तथ्य असेल. परंतु निम्मा आंकडा सोडून दिला तरी उरलेला ऐकवत नाहीं.

नोटीस आलेल्या माणसाचें पहिलें म्हणणें बहुधा यंत्राविरुद्ध असतें. याबाबतींत कायदा त्याच्या बाजूनेंच बराच विचार करतो. केवळ एका साक्षीदाराच्या मतें गाडी जोरांत होती, एवढ्यावरून वेगाच्या गुन्ह्यांत कोणास शिक्षा करतां येत नाहीं. तें मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनानें घेतलेल्या मापावर आधारलेलें असावें लागतें. तेव्हां माप कोठें घेतलें, छायाचित्रांतील गाडी आपलीच काय, त्या टप्प्यावर मर्यादेचा फलक होता काय, हें विचारण्याचा हक्क प्रत्येकास आहे आणि शंका असल्यास तो अवश्य बजावावा. दुसरें म्हणणें असें कीं, आमच्या पुढून तर याहून जोरांत गाड्या गेल्या. शाळेंत मार खाणारा मुलगाही हेंच सांगतो, आणि तेंही पुष्कळदां खरें असतें.

आतांपर्यंत विचार झाला तो मालकीची मोटार स्वतः चालविणाऱ्याचा. तीन महिने परवाना नसला तरी त्याचें दुकान चालतें, तो एस. टी. नें जातो, मुलास गाडी चालवावयास सांगतो, फार झालें तर पगारी चालक ठेवितो. थोडी मानहानि, थोडी गैरसोय. परंतु ही शिक्षा सर्वांस सारखी, असें वर जें म्हटलें, तें त्या पगारी चालकाजवळ येऊन अडतें. त्याचा परवाना हेंच त्याचें दुकान आहे.

रावेर-यावलच्या केळींचा ट्रक घ्या. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा अभिमान सर्वांस आहे; पण केळें हा थांबणारा माल नव्हे. घड कापला कीं घड्याळ सुरू होतें. उन्हाळ्यांत खानदेशचा पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, तेव्हां तर तें घड्याळ आणखी जोरांत चालतें. मळ्यांत माल भरावयास उशीर झाला, वजनकांट्यावर रांग लागली, कागद तयार व्हावयास दोन तास गेले, तर हे सगळे तास शेवटीं कोणी भरून काढावयाचे? पलीकडच्या बाजारांतील व्यापारी भाव उतरण्यापूर्वीं माल मागतो, पाठविणारा तसें कबूल करतो, ट्रकचा मालक भाडें हातचें जाऊं नये म्हणून मान डोलावतो, आणि या सर्वांची घाई एकत्र गोळा होऊन एका माणसाच्या उजव्या पायाखालीं जमा होते. चलान आलें तर पुष्कळ ठिकाणीं तें त्याच्याच पगारांतून कापलें जातें. परवाना गेला तर दुसरा चालक दुसऱ्या दिवशीं मिळतो. मालकाच्या गाडीचा हप्ता चुकत नाहीं. चालकाच्या घरची चूल मात्र थंड पडते.

यावर, मग चालकास माफी द्यावी, असें कोणी म्हणेल तर तेंही बरोबर होणार नाहीं. फेब्रुवारी २०२१ मध्यें यावल तालुक्यांत किनगांवजवळ धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन जाणारा ट्रक रात्रीं उलटला, आणि मालावर बसून घरीं परतणारे निदान पंधरा मजूर एका क्षणांत गेले. तीं सगळीं रावेर भागांतील गरीब कुटुंबांतील माणसें होतीं. बायका होत्या, मुलें होतीं. मालगाडीवर माणसें बसविणें हेंही परवाना काढून घेण्याजोग्या कृत्यांच्या यादींत आहे. गरिबाच्या चालविण्यानें मरतात ते बहुधा गरीबच. इंग्लंडांत तीन वर्षांत परवान्यावर बारा दोषांक जमले कीं निदान सहा महिने बंदी येते. आपल्यावर असाधारण संकट कोसळेल असें आरोपीनें न्यायाधीशास पटविल्यास ती टळूं शकते, परंतु नुसती नोकरीची अडचण सांगून भागत नाहीं. ही कडक वाटणारी अट अगदीं निष्कारण नाहीं.

मात्र आपल्याच कायद्यांत एक तरतूद अशी आहे, जी फार थोड्यांनीं वाचलेली असते. वेगाचा गुन्हा सांगणारें जें कलम १८३, तें केवळ हांकणाऱ्यापुरतें नाहीं. नोकराकडून किंवा हाताखालच्या माणसाकडून मर्यादेबाहेर गाडी चालवविणाराही त्यांत येतो. त्याच कलमाच्या चवथ्या पोटकलमांत पुढें असें आहे कीं, एखादें वेळापत्रक प्रसिद्ध केलें असेल किंवा अमुक प्रवास अमुक वेळांत पुरा करावा असा हुकूम दिला असेल, आणि वेगमर्यादा पाळून तो प्रवास त्या वेळांत होण्यासारखा नाहीं असें न्यायालयास दिसलें, तर तें वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच तो देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनीं पुरावा समजावा. म्हणजे ज्याची घाई त्याच्या दारापर्यंत पोंचण्याची वाट कायद्यानें बांधून ठेविलेली आहे. तिच्यावर वर्दळ मात्र दिसत नाहीं. चालक सुनावणीस एकटाच येतो, मालकाचें नांव काढीत नाहीं, कारण तीन महिन्यांनंतर त्याच दारीं काम मागावयाचें असतें. आणि अधिकाऱ्यापुढें कागद असतो तो वेगाच्या मापाचा, फोनवर दिलेल्या हुकुमाचा नव्हे.

सुनावणी हा शब्द वर आला. ती केवळ रीत नव्हे. परवाना काढून घेण्यापूर्वीं धारकाचें म्हणणें ऐकून घेतलेंच पाहिजे, असें कलम १९ सांगतें. हुकूम कारणांसह लेखी द्यावा लागतो, आणि तो मान्य नसल्यास तीस दिवसांच्या आंत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करतां येतें. मेहुण्याच्या एजंटाचा या सबंध व्यवहारांत कोठेंही संबंध येत नाहीं. ठरलेल्या तारखेस स्वतः जावें, कागद बरोबर न्यावे, चूक झाली असेल तर तसें सांगावें, नसेल तर पुरावा मागावा. तारीख चुकविली तर आपलें म्हणणें न ऐकतांच निकाल होतो, आणि मग ओरड करण्यांत अर्थ राहत नाहीं.

निकाल विरुद्ध गेला तर सर्वांत मोठा मोह पुढेंच असतो. रस्ता ओळखीचा, गाडी दारांत, आणि खिशांत परवाना आहे कीं नाहीं हें बाहेरून कोणास दिसतें? बंदीच्या काळांत गाडी हांकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी कलम १८२ ची शिक्षा आहे. तीहून जड गोष्ट विम्याची. परवाना काढून घेतलेल्या माणसाच्या हातून त्या मुदतींत अपघात झाला, तर विमा कंपनीस आपली जबाबदारी नाकारण्यास कायद्यानें आधार मिळतो. आणि मग मृताच्या वारसांस द्यावयाची भरपाई घरादारावर येऊन बसूं शकते. थोरल्या मुलाच्या हातीं गाडी देण्यापूर्वीं त्यालाही हे दोन परिच्छेद वाचून दाखवावे. कारण ८३ मीटरांचें गणित त्याच्या वयास वेगळें होत नाहीं. मुदत संपल्यावरही परवाना आपोआप हातीं पडत नाहीं. २०१९ पासून त्यासाठीं चालकांचा उजळणी वर्ग पुरा करावा लागतो; वीस वर्षें गाडी चालविलेल्या गृहस्थास पुन्हां बांकावर बसण्याचा जरा संकोच वाटतो, पण तो टळत नाहीं.

आपला गृहस्थ तीन महिने एस. टी. नें धुळ्यास जाईल आणि खिडकीजवळच्या जागेवरून, त्यानें आजवर न पाहिलेलें एरंडोल आणि पारोळें निवांत पाहील. केळींच्या ट्रकचा चालक मात्र सुनावणीच्या दिवशीं कचेरीच्या बांकावर हातांत बिल्टी घेऊन बसलेला असेल. त्याचें नांव पुकारलें जाईल, वेगाचा कागद पुढें ठेवला जाईल, आणि तो खालीं मान घालून उभा राहील. त्या वेळीं अधिकाऱ्यानें शिक्षा लिहिण्यापूर्वीं ती बिल्टी मागून घ्यावी आणि त्यास एवढेंच विचारावें: माल केव्हां पोंचवावयाचा होता, आणि ती वेळ ठरविली कोणी?